ओझर ते काकडी

नलूताईंना कुणी वेळ विचारली की त्या आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघायच्या. मग बॅगांकडे, मग बरोबरच्या माणसांकडे. त्या घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, त्यामुळे शेवटी हात उलटा करून घड्याळ बघायच्या आणि सांगायच्या, "दोन तास दहा." नुसते दोन तास कधी नाही. 'साधारण' हा शब्द पाच वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

"पाय कशाला बघता हो?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"उंच टाचेची चप्पल असली का गाडीतून उतरून दारापर्यंत जायला वेळ लागतो. तो कोण धरणार? तुमचा मोबाईल?"

ओझरच्या विमानतळाबाहेर आमचं टॅक्सीचं काउंटर होतं. विमानतळ लहान, दिवसाला मोजकी विमानं. शिर्डीचं विमानतळही तसंच लहान, आणि ते शिर्डीत नाही. शिर्डीच्या अलीकडे, काकडी नावाच्या गावात आहे. या दोन विमानतळांच्या मध्ये विमान नाही, रेल्वे नाही. पण माणसांना मात्र इकडून तिकडे जावं लागतं. कुणी दर्शनासाठी काकडीला उतरतं आणि परतीचं तिकीट ओझरचं असतं. थंडीत तर रोजचंच. ओझरला सकाळी धुकं पडतं, विमान रद्द होतं, आणि मग कुणीतरी फोनमध्ये शोधून काढतं की दुपारी शिर्डीहून एक आहे. ही सगळी माणसं आमच्या काउंटरवर यायची. "काकडी?" असं म्हणून आधी हसायची, मग घाबरायची.

हॉटेलातली माझी नोकरी गेल्यावर मी इथं लागलो तेव्हा नलूताई आधीपासून होत्या. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. राहायला सायखेड्याला, अगदी गोदावरीच्या काठी. त्यांचे यजमान, अण्णा, भाजीपाला पिकवायचे आणि नाशिकच्या मार्केटला न्यायचे. पावसाळ्यात सायखेड्याच्या पुलाला पाणी लागलं की आम्हाला बातमी आधी नलूताईंकडून कळायची. सकाळी फोन यायचा, "पूल गेला. आज सगळ्या गाड्या नाशिकच्या द्वारका चौकावरून काढा. अर्धा तास वाढवून सांगा." फोन बंद. स्वतः मात्र त्या दिवशी सिन्नर, नाशिक असा वळसा घालून, तीन गाड्या बदलून वेळेवर हजर.

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, त्या ओझर ते काकडी रस्ता स्वतः जाऊन यायच्या. आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर शकीलभाई. त्यांना काकडीचं भाडं असलं की प्रवाशाची परवानगी घेऊन ताई पुढच्या सीटवर बसायच्या. एकदा माझी सुट्टी त्यांच्याबरोबर आली म्हणून मीही गेलो. प्रवासी एकटाच होता, तो मागे माझ्या शेजारी झोपून गेला.

ताई सबंध रस्त्यात एक अक्षर अवांतर बोलल्या नाहीत. फाटक आलं की हात उलटा. चांदोरी आली की हात उलटा. रेल्वेचं फाटक बंद होतं, तर त्या उतरून फाटकवाल्याशी बोलून आल्या. "मालगाडी हाय. तिला टाइम नसतो. आपण धरायचा," एवढंच म्हणाल्या. सायखेड्यात त्यांच्या घराच्या वळणावर अण्णा पिशवी घेऊन उभे होते. शकीलभाईंनी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नका, हळू करा फक्त," ताई म्हणाल्या.

अण्णा गाडीबरोबर दहा पावलं पळाले आणि खिडकीतून वाटाण्याची पिशवी आत टाकली. "अगं, पाणी तरी..." असं काहीतरी ते म्हणत होते, तोवर आम्ही पुढे गेलो होतो.

"वेळ मोडली असती," ताई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, सिन्नरच्या जवळ, एकट्याच हसल्या. "दमले असतील पळून."

वावीजवळ एका टपरीवाल्याशी त्यांची ओळख होती. हंगामात सकाळी त्याला फोन करून त्या विचारायच्या, "उसाच्या ट्रॉल्या किती हायेत रे रस्त्याला?" तो सांगेल त्याप्रमाणे त्या दिवशीची मिनिटं वाढायची. द्राक्षांचा सीझन आला की पिकअप गाड्यांची मिनिटं, गुरुवारी शिर्डीच्या गर्दीची, लग्नसराईत वरातींची. फोन सांगायचा एक आणि नलूताई सांगायच्या दुसरं, आणि गाडी नलूताईंच्या वेळेला पोचायची. ड्रायव्हर लोक फोन बघायचे बंद झाले होते. "ताई बोली वो फायनल," असं शकीलभाई म्हणायचे.

मालकांशी मात्र त्यांचं जमायचं नाही. मालकांचं ऑफिस द्वारकेला, तिथून ते फोनवर ओरडायचे. कारण ताई गिऱ्हाइकाला सरळ तोंडावर सांगायच्या, "नाय पोचायचं."

"ताई, तुम्ही नाही म्हणालात तर तो बाहेरची गाडी करतो ना! जाऊ द्या ना त्याला, पोचला तर पोचला!"

"आणि नाय पोचला तर?"

"तर त्याचं नशीब!"

"एसटीत असं चालत नव्हतं," ताई म्हणायच्या आणि फोन माझ्या हातात द्यायच्या.

हे सगळं मी इतक्या कौतुकानं सांगतोय, पण राव साहेबांचं सांगितल्याशिवाय नलूताई पुऱ्या होणार नाहीत.

राव साहेब दिंडोरीकडच्या एका वायनरीत केमिस्ट होते. मूळचे हैदराबादचे. आमच्याकडून नेहमी गाडी न्यायचे, त्यामुळे ओळख होती. जानेवारीतल्या एका सकाळी ते काउंटरवर आले तेव्हा त्यांचा स्वेटर उलटा होता. आई दवाखान्यात होती, भावाचा फोन आला होता, आणि ओझरचं हैदराबादचं विमान धुक्यामुळं नुकतंच रद्द झालं होतं.

"शिर्डीहून एक वीसला आहे मॅडम. मिळेल ना?"

ताईंनी हात उलटा केला. दहा चाळीस झाले होते. "विमानाचं काउंटर बारा वीसला बंद होतं. तुमच्याकडं एक तास चाळीस मिनिटं हायेत. आज धुकं हाय, ट्रॉल्या हायेत. नाय पोचायचं."

"ड्रायव्हर फास्ट नेईल. प्लीज मॅडम."

"फास्ट नेऊन पण नाय पोचायचं, राव साहेब. खोटं कशाला सांगू? तुम्ही असेच मुंबईला निघा. तिथून पाचच्या सुमाराला नक्की मिळेल. शकीलभाई, काढा गाडी."

राव साहेबांनी ऐकलं. ते नेहमीच ताईंचं ऐकायचे. मुंबईला वेळेत पोचले, पाचचं विमान मिळालं, आठला दवाखान्यात गेले. आई साडेपाचला गेली होती.

हे आम्हाला वीस-बावीस दिवसांनी कळलं. राव साहेब स्वतःच आले. डोक्याचे केस काढलेले होते, त्यामुळं मी क्षणभर ओळखलंच नाही. ते रागावलेले नव्हते. काउंटरवर दोन्ही हात ठेवून हळू बोलले.

"मॅडम, ते शिर्डीचं विमान त्या दिवशी दीड तास लेट होतं. मला मुंबईत समजलं. मी शिर्डीला गेलो असतो तर मिळालं असतं. सव्वापाचला मी आईजवळ असतो."

नलूताई उभ्या होत्या. प्रवाशाशी त्या नेहमी उभं राहूनच बोलायच्या, एसटीतली सवय. त्या खाली बसल्या. 

"मी विचारायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "रस्ता मोजला मी. विमान निघालं का, ते नाय विचारलं."

शकीलभाई बाजूलाच होते. "ताई, तुम्हाला काय माहीत असणार? वो तो ऊपरवाले के..."

"शकीलभाई, तुम्ही थांबा." त्या राव साहेबांकडं वळल्या. "आईचं नाव काय होतं?"

राव साहेब गोंधळले. "सत्यवती."

"बसा." मग माझ्याकडं बघून, "प्रसादभाऊ, खुर्ची द्या त्यांना."

मग राव साहेब अर्धा तास आईबद्दल बोलले. ती दर उन्हाळ्यात आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवायची, आणि बरणी फुटू नये म्हणून तिला आपल्या जुन्या साड्या गुंडाळायची. त्या साड्या राव साहेबांकडे साठल्या होत्या. त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.  दोन गिऱ्हाइकं आली, ती त्यांनी हातानंच माझ्याकडे वळवली. राव साहेब उठले तेव्हा त्या त्यांच्या मोटारीपर्यंत चालत गेल्या. त्यांनी माफी मागितली नाही, राव साहेबांनीही माफ केलं असं काही म्हटलं नाही. गाडी गेल्यावर ताई तिथंच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पुढचे दोन दिवस कुणी वेळ विचारली की त्या म्हणायच्या, "प्रसादभाऊंना विचारा." मी अंदाजे सांगायचो आणि त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मालकांचा फोन आला. मला वाटलं ते आता सुनावतील. पण त्यांना शकीलभाईंनी सगळं सांगितलेलं होतं. "ताईंना म्हणावं, घरी बसू नका," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या त्या एक नंबर घेऊन. काकडीच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या एकाचा तो होता, शकीलभाईंनी मिळवला होता. त्या दिवसापासून "नाय पोचायचं" म्हणण्याआधी त्या फोन लावायच्या, "भाऊ, तुमच्याकडं यायचं विमान तिकडून निघालं का?" तो माणूस आधी वैतागला. मग अण्णांच्या मळ्यातली मेथी आणि कोथिंबीर शकीलभाईंच्या गाडीतून त्याच्याकडे जायला लागली, आणि तो स्वतःहून फोन करायला लागला. मी ताईंच्या मोबाईलवर विमानं दाखवणारं एक ॲप टाकून दिलं. चष्मा लावून त्या नकाशावरचं ते पिवळं, मुंगीएवढं विमान बघत बसायच्या. "बीडच्या वर आलं बघा," असं गावातल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायच्या.

पुढच्या हिवाळ्यात सटाण्याकडचं एक कुटुंब आलं. धोतर-टोपीतले वडील, आई आणि बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. मुलगी नर्स होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला तिची मुलाखत होती, परदेशातल्या कुठल्या हॉस्पिटलसाठी. आयुष्यात पहिल्यांदा ती विमानात बसणार होती, तर तेच विमान रद्द झालं होतं. शिर्डीहून दिल्लीचं विमान अडीचला होतं. काउंटर दीडला बंद. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"ताई, आमनी पोर घाबरी गयी," वडील अहिराणीत म्हणाले. "ते विमान मिळी का?"

"दादा, आज रस्त्याला सव्वादोन तास लागतील. तुमच्याकडं दोन पण नाय." हे म्हणतानाच ताईंनी मोबाईल काढला होता. दिल्लीहून शिर्डीला येणारं विमान अजून दिल्लीतच उभं होतं. तिकडंही धुकं. त्यांनी काकडीला फोन लावला. उशीर नक्की होणार, पण किती ते कुणी सांगेना, आणि रद्दही होऊ शकतं असं तो म्हणाला.

ताईंनी तिघांना बाकावर बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या. "नीट ऐका. मुंबईला गेलात तर संध्याकाळचं विमान हाय, पण आज तिकडं पण गर्दी, तिकीट शिल्लक दिसत नाय. काकडीला गेलात आणि ते विमान रद्द झालं तर मुंबईपण हातची गेली. झालं नाय तर पोर दिल्लीला पोचती. मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाय."

"आम्हले काय समजस, ताई," आई पहिल्यांदाच बोलली. "तूच सांग."

 मुलीनं कागदांची फाइल छातीशी धरली होती. नलूताई तिच्याकडं बघत होत्या, आणि मी नलूताईंकडं. उत्तराला इतका वेळ लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काकडीला जाऊ," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर. प्रसादभाऊ, काउंटर सांभाळा."

कामाच्या वेळेत त्यांनी काउंटर सोडल्याचा तो एकमेव दिवस. पुढचं मला शकीलभाईंनी सांगितलं.

पूल मोकळा मिळाला, सिन्नर मोकळं मिळालं. वावीच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली कलंडली होती आणि दोन्हीकडून वाहनं तटली होती. कुणी हलायला तयार नाही, सगळे आपापले हॉर्न वाजवत बसलेले. ताई खाली उतरल्या. पर्समधून त्यांनी शिट्टी काढली, नोकरीतली. एसटी सोडून इतकी वर्षं झाली तरी ती पर्समध्ये होती हे शकीलभाईंनाही माहीत नव्हतं. ती वाजवत त्या रस्त्याच्या मधोमध चालत गेल्या. "ओ ट्रक, मागं घ्या! ट्रॅक्टरवाले, तुम्ही साइडपट्टीला उतरा! तुम्ही हो, तुम्हीच!" साठी उलटलेली बाई, नऊवारीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. लोकांनी ऐकलं. "मैं तो बोलता हूं, एखाद्या पोलिसाचं पण एवढं चाललं नसतं," शकीलभाई म्हणाले. बारा-तेरा मिनिटांत एका बाजूनं वाट झाली.

काकडीला गाडी पोचली तेव्हा दोन वाजायला आले होते. विमानाला उशीर जाहीर झाला होता, काउंटर उघडं होतं. मुलगी पळतच आत गेली आणि अर्ध्यातून परत आली, ताईंच्या पाया पडायला. "अगं जा!" ताई ओरडल्या. "आशीर्वाद इथूनच देते, पाया पडायला वेळ नाय!"

विमान पावणेपाचला उडालं. तोपर्यंत ताई हलल्या नाहीत. आईवडिलांबरोबर बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिल्या, त्यांनी फडक्यातून सोडलेली भाकरी खाल्ली, आणि विमान दिसेनासं झाल्यावर उठल्या. परतीच्या वाटेवर शकीलभाई म्हणाले, "ताई, रावसाबको बताओ ना. उनको भी अच्छा लगेगा."

"नको," ताई म्हणाल्या. "त्यांना ऐकून काय वाटेल, याचा विचार करा."

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर ठेवला, मला वाटतं मुद्दाम, आम्हाला ऐकू यावं म्हणून. "ताई, पोर पोचनी. मुलाखत बी व्हयनी." ताई म्हणाल्या, "बरं झालं." मग विचारलं, "जेवली का ती?" नोकरीचं काय झालं ते आम्हाला कधी समजलं नाही. सटाण्याहून डाळिंबाची एक पेटी तेवढी आली, ती ताईंनी ड्रायव्हर लोकांत वाटून टाकली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. दोन बस बदलून ओझरला यायचं आणि दिवसभर उभं राहायचं त्यांना जमेना. बसून काम करा असं आम्ही म्हणायचो, पण ते त्यांना पटायचं नाही. दरम्यान मालकांनी बुकिंग मोबाईलवर आणलं होतं. गिऱ्हाईक घरूनच गाडी ठरवून यायचं, काउंटरवर येऊन वेळ विचारणारी माणसं कमी झाली होती. समृद्धी महामार्गानं सिन्नरच्या पुढचा रस्ताही बदलला. त्या नव्या रस्त्यानं ताई फक्त एकदा गेल्या. "सरळ हाय नुसता. मोजायला काय हाय त्यात?" म्हणाल्या, पण मिनिटं मात्र मला लिहून दिली, आणि ती आजही बरोबर निघतात.

शेवटच्या दिवशी मालक द्वारकेहून मुद्दाम आले, शाल दिली, नारळ दिला, भाषण करायला लागले. ताईंनी हात उलटा केला. "साहेब, माझी बस चार वीसला हाय." सगळे हसले, मालकही हसले. त्या खरोखरच निघून गेल्या.

फोन अधूनमधून व्हायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अण्णांनी यंदा फ्लॉवर लावलाय, असं काहीबाही. भेट मात्र होत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मी एका नातेवाइकाकडं निफाडला गेलो होतो. परतताना शकीलभाईंची गाडी बसस्टँडसमोरच्या सिग्नल नसलेल्या चौकात अडकली, पुढे कांद्याचे ट्रॅक्टर होते. मी खिडकीतून स्टँडकडं बघत होतो आणि मला नलूताई दिसल्या. बाकावर टेकून बसल्या होत्या, हातात काठी, मांडीवर कापडी पिशवी. मनगट रिकामं होतं, घड्याळ नव्हतं. मी दार उघडणार इतक्यात एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन त्यांच्यापुढं आली.

"बाई, सायखेड्याची गाडी कधी हाय वो?"

ताईंनी मान वर केली. "मला नाय माहीत, बाई. मी पण तिलाच थांबलीय. बसा ना, येईल." आणि त्या बाकावर थोड्या सरकल्या.

म्हातारी बसली. तिनं हळू आवाजात काहीतरी सांगायला सुरुवात केली. हातवारे बघून सुनेबद्दल असावं. ताईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, मूठभर तिच्या ओटीत टाकल्या, आणि सोलत सोलत ऐकू लागल्या. मधेच दोघी हसल्या.

"उतरायचंय?" शकीलभाईंनी विचारलं. त्यांनीही पाहिलं होतं.

मी दारावरचा हात काढून घेतला. पुढचे ट्रॅक्टर हलले होते.